नवतपा आणि एस्केपचं बटण

तुम्ही कोड कशात लिहिता, असं कुणी विचारलं की मी 'व्हिम' (नुसत्या कीबोर्डवर चालवता येणारा जुना, हलका एडिटर) म्हणतो आणि समोरच्याच्या नजरेत आदर दाटून येतो. आमच्या टीममधली पुण्या-बंगळूरची पोरं तर आपसात म्हणतात, सर तत्त्वाचे आहेत. हा गैरसमज मी आजवर दूर केलेला नाही. खरं कारण एवढंच की मी नागपुरात राहतो, माझी खोली वरच्या मजल्यावर आहे आणि तिच्या डोक्यावर नुसता स्लॅब आहे.

मे महिन्यात इथे पारा ४५ ला टेकतो. लॅपटॉपचा पंखा खोलीतली हवा ओढून आतल्या प्रोसेसरला गार करतो, पण ती हवाच भट्टीतून आलेली असली तर त्या बिचाऱ्याने काय करावं? प्रोसेसर शंभरीला पोचला की जीव वाचवायला आपणहून वेग कमी करतो. याला थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात. दुपारी बारा ते चार अख्खं नागपूर हेच करतं, फक्त आम्ही त्याला नाव दिलेलं नाही.

त्यामुळे सॉफ्टवेअरबद्दल माझी जी काही मतं आहेत, ती सगळी हात लावून बनलेली आहेत. उघडल्यावर लॅपटॉपच्या पाठीला हात लावायचा. चटका बसला, की सॉफ्टवेअर वाईट.

व्हीएस कोड हा २०१५ साली आलेला एडिटर. चांगला आहे, नाही कोण म्हणतं? पण त्याच्या पोटात अख्ख्या ब्राउझरचं इंजिन बसवलेलं आहे. डिसेंबरात मी तोच वापरतो, मांडीवर घेऊन बसायला बरा पडतो. ऑफिसचं चॅटचं ॲपही त्याच जातकुळीचं. 'ओके' एवढं कळवायला ब्राउझर पेटवायचा, म्हणजे कपभर चहासाठी लग्नातली भट्टी लावण्यापैकी आहे. आणि कोड लिहून देणाऱ्या एआयबद्दल विचाराल, तर माझं मत अनुकूल आहे. तो चुकतो, ठासून चुकतो, पण तापतो दुसऱ्याच्या घरी.

व्हिमचं तसं नाही. त्याचा बाप व्हीआय. तो बिल जॉयने १९७६ च्या सुमारास लिहिला, तेव्हा तो घरून ३०० बॉडच्या मोडेमवर काम करायचा. म्हणजे सेकंदाला जेमतेम ३० अक्षरं. एवढ्या मंद लाईनवर एकेक अक्षर जपून वापरावं लागतं. म्हणून आज्ञाही एकेका अक्षराच्या: डी दोनदा दाबलं की ओळ गायब. त्याची लाईन मंद, माझी खोली गरम. दोन अडलेल्या माणसांची सोयरीक जुळली. पुढे १९९१ मध्ये ब्रॅम मुलेनारने व्हीआयचा व्हिम केला, आणि नंतर उघडल्या उघडल्या युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा अशी विनंती त्यात घातली. बाबांनी एकदा मागे उभं राहून ती वाचली. खाली जाऊन आईला म्हणाले, "पोट्टा कोन्त्या तरी संस्थेचं काम करून राहिला वाटते." त्या रात्री जेवताना त्यांनी पगार नीट होतो ना, असं विचारलं.

सुट्टीत भाचा येतो. त्याला गेम खेळायचा असतो आणि तो गेम १०० जीबीचा असतो. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' १९८९ साली फ्लॉपीवर मावायचा, हे मी त्याला दर वर्षी सांगतो. तो दर वर्षी "हो ना मामा" म्हणतो आणि डाउनलोड किती झालं ते बघतो. गेम सुरू झाला की पाच मिनिटांत, "मामा, हे अडकून राहिलं." मग मी सेटिंगमध्ये जाऊन एकेक गोष्ट बंद करतो. गवत बंद. पाण्यातलं प्रतिबिंब बंद. सगळ्यात जास्त ताण सावल्यांचा असतो, म्हणून सावल्याही बंद. नायक भर उन्हात बिनसावलीचा पळत सुटतो. मे अखेरीस, नवतपाच्या नऊ कडक दिवसांत, नागपुरात सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि एका दुपारी उभ्या खांबाचीसुद्धा सावली नाहीशी होते. तेव्हा भाच्याला मी सांगतो, गेममध्ये बिघाड नाही, हे आपल्या गावाचं ग्राफिक्स आहे.

यंदा आईला माझी दया आली. म्हणाली, "त्याले कूलरसमोर ठेव नं, बापा." आमचा कूलर लोखंडी, जुना, वाळ्याच्या ताट्यांचा. सुरू झाला की घरात बोलणं थांबतं, नुसत्या खुणा चालतात. तीन दिवस लॅपटॉप असा पळाला की मला व्हीएस कोडचासुद्धा मोह झाला. पण आमचा कूलर वाऱ्याबरोबर बारीक तुषारही पाठवतो. ते नेमके डाव्या कोपऱ्यात पडत होते, हे चौथ्या दिवशी एस्केपचं बटण मेलं तेव्हा कळलं. (सीताबर्डीच्या दुरुस्तीवाल्याने नंतर मशीन न उघडताच विचारलं, "कूलरसमोर ठेवला असन नं?" मे महिन्यात तो बहुधा एवढंच विचारत असावा.)

व्हिममध्ये एस्केप गेलं म्हणजे घराला दार उरलं नाही. लिहिण्याच्या मोडमधून बाहेर पडायला मला तेच बटण ठाऊक होतं. आणि मी तेव्हा मीटिंगमध्ये होतो, स्क्रीन सगळ्यांना दिसत होता, कूलरच्या आवाजामुळे माईक बंद होता. मी बाहेर पडायची आज्ञा दिली: कोलन, क्यू, उद्गारचिन्ह. ती कोडमध्येच उमटली. पुन्हा दिली. पुन्हा उमटली. बारा जणांच्या देखत मी माझ्याच फाईलमध्ये 'जाऊ द्या, जाऊ द्या' असा टाहो फोडत होतो. व्हिममधून बाहेर कसं पडायचं, हा प्रश्न स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर २०१७ पर्यंत दहा लाखांवर वेळा पाहिला गेला होता. त्या लोकांना मी आयुष्यभर हसत आलो.

चॅटवर सगळ्यात ज्युनियर मुलीचा निरोप आला: "सर, कंट्रोल आणि डावा चौकोनी कंस एकत्र दाबा. त्याचा आणि एस्केपचा आस्की कोड एकच आहे, २७."

दाबलं. सुटलो. आभार मानायला घाईघाईने माईक सुरू केला, तर सगळे ओरडले, "सर, हेलिकॉप्टरमध्ये आहात का?"

तेवढ्यात लाईन गेली. आमच्या इन्व्हर्टरवर फक्त राउटर आणि देवघरातला दिवा आहे. कूलरचं पातं गरगरत गरगरत थांबलं, आणि कपाळावरून पहिला घाम ओघळायला लागला.

"हां सर," पुण्याहून मॅनेजर म्हणाले, "आता कसा आवाज स्पष्ट येतोय! बोला, अगदी निवांत बोला."