लाकूड सडतंय म्हणे!

दाजीपूरच्या जंगलात गेलं की गाडीत एक तरी हुशार असतोच. आडवं पडलेलं झाड दिसलं रे दिसलं की चालू: "केवढं लाकूड सडतंय बघ! उचलून नेलं तर चुलीला तरी होईल." दरवेळी! मीही दरवेळी तोंड उघडतो आणि दरवेळी ऐकून घेतो, "तू गप, पुस्तकी!"

अरे बाबा, ते सडत नाही, कामाला लागलंय. लाकडाला कडक ठेवणारं लिग्निन पचवणं भल्याभल्या किड्यांना जमत नाही, ते काम बुरशीचं. ती लाकूड मऊ करणार, मग वाळवी, भुंग्यांच्या अळ्या, गोम, विंचू बिऱ्हाड मांडणार. आपल्याकडं पावसाळ्यात पाण्याचा लोंढा, उन्हाळ्यात मातीच्या भेगा. तो कुजका ओंडका मात्र स्पंजासारखा ओल धरून बसतो. त्याच्यावर रोपं उगवतात. फिनलंडमध्ये तर जंगलातल्या साधारण 20 ते 25 टक्के प्रजाती अशा मेलेल्या लाकडावर जगतात.

उभं वाळलेलं झाड तर यांच्या डोळ्यात खुपतंच. सुतार पक्षी आणि तांबट त्यातच ढोली कोरतात. त्यांनी सोडलेल्या घरात पिंगळा नाहीतर मैना राहायला येते. तोडा म्हणे, भकास दिसतंय! (स्वतःच्या अंगणातला पाचोळा रोज सकाळी पेटवणारा माणूस हा.)

परवा तर कहर. देवराईत स्वच्छता मोहीम काढू म्हणाला, सगळी पडकी लाकडं गोळा करून. प्लास्टिकच्या बाटल्या? त्या तशाच पायाखाली.