स्टेरॉइडला घाबरून मी लेकीला दोन वर्षं खाजवत ठेवलं

रात्री दोन-अडीचला अंधारात खर्र खर्र आवाज यायचा आणि लाइट न लावताच कळायचं की हिची नखं परत कोपराच्या आतल्या घडीत गेलीत. सकाळी उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे ठिपके, ती चिडचिडी, मी झोपेविना बधिर. आणि डॉक्टरांनी दिलेली ट्यूब ड्रॉवरमधे जवळजवळ भरलेली, कारण तिच्यावर स्टेरॉइड लिहिलेलं होतं.

हे आज लिहितेय कारण एका मैत्रिणीच्या बाळाला एक्झिमा निघालाय, आपण इसब म्हणतो तो, आणि तिचा पहिलाच मेसेज, "तू स्टेरॉइड नाही ना गं लावलंस कधी?" लावलं गं. आणि आधीच नीट लावायला हवं होतं.

मी काय करायचे तर, अगदीच लाल झालं, चिरा पडल्या की टाचणीच्या डोक्याएवढं मलम घ्यायचं, तेच दोन्ही कोपरांना पुरवायचं आणि दोन दिवसांत जरा उतरलं की बंद. चार दिवसांनी परत तेच. वर मीच सगळ्यांना सांगायचे की या औषधाने तात्पुरतंच बरं वाटतं. नंतर ज्या स्किनच्या डॉक्टर भेटल्या त्यांनी माझं बोट धरून दाखवलं, मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून जेवढी रेघ निघते ती साधारण अर्धा ग्रॅम, आणि बोटांसकट दोन तळहात ठेवले तर जेवढी जागा झाकेल तेवढ्या जागेला ती लागते. मी त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढंही लावत नव्हते. आग पूर्ण विझतच नव्हती, म्हणून परत भडकत होती.

भीती अगदीच खोटी आहे असं मी म्हणणार नाही. क्लोबेटासॉलसारखं जोरदार स्टेरॉइड चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लावलं तर त्वचा पातळ होते, बारीक लाल शिरा दिसायला लागतात, हे खरंच होतं. स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असलेली क्रीम कुणीतरी सांगितली म्हणून मनाने लावू नका, कळकळीने सांगतेय. पण एक टक्का हायड्रोकॉर्टिसोनसारखं सौम्य स्टेरॉइड आणि क्लोबेटासॉल यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि आपण दोघांना एकाच शब्दात घाबरतो. हायड्रोकॉर्टिसोन १९५२ पासून त्वचेसाठी वापरतायत, म्हणजे कालपरवाचा प्रयोग नाही हा. पापण्यांसारख्या नाजूक जागी टॅक्रोलिमस हे स्टेरॉइड नसलेलं मलमही देतात, पहिले काही दिवस चुरचुरतं ते, तेवढ्यावरून सोडू नका.

आणि मॉइश्चरायझर! आमची छोटी बाटली दोन महिने पुरायची आणि मला ते काटकसरीचं वाटायचं. अंगभर एक्झिमा असलेल्या मुलाला आठवड्याला २५० ग्रॅमसुद्धा लागू शकतं. या त्वचेत पाणी टिकतच नाही, काहींच्या बाबतीत तर फिलाग्रिन नावाच्या प्रोटीनच्या जीनमधेच दोष असतो (हे २००६ मधे कळलं), त्यामुळे लावणं हे वरवरचं लाड नाही, औषधच आहे. आम्ही आता कोमट पाण्याने पाच-दहा मिनिटांत आंघोळ, फेसाचा साबण बंद, टॉवेलने घासायचं नाही नुसतं टिपायचं, आणि अंग ओलसर असतानाच घट्ट मॉइश्चरायझर, अंगावरची लव ज्या दिशेने असते त्या दिशेने. पातळ लोशन आमच्याकडे टिकलं नाही. डबीत बोटं घालायची नाहीत, स्वच्छ चमच्याने काढायचं.

खाजेच्या गोळ्यांवर मी फार विसंबले होते, पण त्या गोळ्या अडवतात ते हिस्टामिन, म्हणजे अ‍ॅलर्जीत शरीर सोडतं ते रसायन, आणि एक्झिमाची खाज मुख्यतः त्यामुळे नसतेच, गुंगी आणणाऱ्या गोळ्यांनी नुसती झोप येते. खाण्यातले पदार्थही अंदाजाने बंद करू नका, वाढत्या मुलाचं पोषण जातं त्यात. मात्र पिवळी खपली धरली, पाणी सुटलं, किंवा दुखणारे एकसारखे बारीक फोड आले आणि ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, अशा फोडांमागे हर्पिस या विषाणूचा संसर्ग असू शकतो आणि तो झपाट्याने पसरतो.

सध्या आमच्याकडे त्वचा साफ दिसत असली तरी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे जुन्या जागांवर आठवड्यातून दोनदा स्टेरॉइडचं मलम चालू आहे. अभ्रा बरेच दिवस पांढरा आहे.

मैत्रिणीला एवढंच पाठवलं, डॉक्टरांना तीन गोष्टी विचारून कागदावर लिहून घे. कुठे लावायचं, किती पेरं लावायचं, आणि किती दिवसांनी कसं कमी करायचं.