फोनबद्दल बायकांनी बोलू नये म्हणणाऱ्यांना उत्तर

नवा फोन बाजारात येतो, एखादं नवं एआय साधन निघतं, नाहीतर एखाद्या मोठ्या टेक कंपनीत उलथापालथ होते. त्यावर एखाद्या बाईनं व्हिडिओ केला की खाली एक मजकूर हमखास येतो. व्हॉट्सॲपवरही तो फिरत असतो. शब्द बदलतात, सांगणं तेच: ‘बायका फोन घेताना रंग आणि सेल्फी कॅमेरा बघतात. प्रोसेसर-रॅम हा त्यांचा प्रांत नाही, कारण तंत्रज्ञान घडवलं पुरुषांनी. बायका सांगतात तो अनुभव, तांत्रिक मत नव्हे. कंपन्यांच्या बातम्यांमधलं तर त्यांना काहीच कळत नाही. आणि खरंच आवड असती, तर या क्षेत्रात त्या इतक्या कमी दिसल्या असत्या का?’

हे सगळं चुकीचं आहेच, शिवाय घातकही आहे. आपल्या फोनमधल्या सुरक्षेच्या काही सोयी आज आहेत, त्यामागे बायकांनी दिलेल्या बातम्या, घेतलेल्या चाचण्या आणि जाहीरपणे केलेल्या तक्रारी आहेत. त्यांना गप्प बसवलं तर नुकसान फोन वापरणाऱ्या प्रत्येकाचं होईल, पुरुषांचंसुद्धा. म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर देते.

‘रंग आणि सेल्फी कॅमेरा बघतात’

सेल्फी कॅमेरा बघणं म्हणजे वरवरचं बघणं, हे गृहीतच मला मान्य नाही. सेन्सरवर प्रकाश पडल्यापासून पडद्यावर फोटो दिसेपर्यंत मध्ये बरंच सॉफ्टवेअर राबत असतं. ते चेहरा शोधतं, त्वचेचा रंग ठरवतं, उजेड-सावली जुळवतं. कित्येक फोन तर न विचारता त्वचा गुळगुळीत आणि उजळ करून देतात. एखादी सावळी मुलगी म्हणते की या फोनमध्ये मी माझ्यासारखी दिसत नाही, तेव्हा ती त्या सॉफ्टवेअरमधला दोष नेमका दाखवत असते. गूगलनं २०२१ मध्ये आपल्या पिक्सेल ६ फोनसोबत त्वचेचा खरा रंग टिपू पाहणारं ‘रिअल टोन’ आणलं ते याच दोषावर उपाय म्हणून.

चेहरा आणि त्वचा हा विषय किती तांत्रिक आहे, हे जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या दोघी संशोधकांनी २०१८ मध्ये आकड्यांनी दाखवलं. चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे ओळखणाऱ्या तीन कंपन्यांच्या प्रणाली त्यांनी तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के होती. काळ्या-सावळ्या स्त्रियांच्या बाबतीत ती ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली. त्या तीन कंपन्यांमधल्या आयबीएमनं पुढे २०२० मध्ये सर्वसाधारण वापराच्या चेहरा-ओळख तंत्रज्ञानातून अंग काढून घेतलं. या साऱ्याची सुरुवात, कॅमेऱ्याला माझा चेहरा नीट का ओळखता येत नाही, या प्रश्नातूनच झाली होती.

आता आकड्यांबद्दल. खोक्यावरचे आकडे वाचून दाखवणं याला आपल्याकडे तांत्रिक ज्ञान समजलं जातं. पण १०८ मेगापिक्सेलचे बहुतेक कॅमेरे नेहमीच्या वापरात नऊ-नऊ पिक्सेल एकत्र करून १२ मेगापिक्सेलचाच फोटो देतात. ‘८ अधिक ८ जीबी रॅम’ यातली दुसरी आठ म्हणजे स्टोरेजमधली उसनी जागा, आणि ती खऱ्या रॅमपेक्षा बरीच संथ असते. हे न सांगणारी परीक्षणं पुरुषांचीही ढिगानं आहेत. वरवरचे व्हिडिओ करणाऱ्या बायका आहेत, हे मी नाकारत नाही. पैसे घेऊन कौतुक करणारे दोन्हीकडे आहेत. जाहिरात असेल तर तसं स्पष्ट सांगा, हा जाहिरात क्षेत्रातल्या ‘ॲस्की’ या संस्थेनं २०२१ मध्ये घातलेला नियम सगळ्यांना सारखाच लागू आहे. परीक्षण पोकळ असेल तर त्यातला पोकळ भाग दाखवा. बोलणारी बाई आहे, हा त्यातला दोष होऊ शकत नाही.

‘तंत्रज्ञान पुरुषांनी घडवलं’

यावर फार वेळ घालवायची गरज नाही. तुमच्या हातातल्या फोनचा प्रोसेसर स्नॅपड्रॅगन असो, डायमेन्सिटी असो की ॲपलचा, तो ‘आर्म’ पद्धतीच्या आज्ञांवर चालतो. त्या पद्धतीचा पहिला आज्ञासंच, म्हणजे प्रोसेसरला कळणाऱ्या मूळ आज्ञांची यादी, इंग्लंडमधल्या एकॉर्न कंपनीत सोफी विल्सन यांनी रचला. स्टीव्ह फर्बर यांच्यासोबत केलेल्या कामातून पहिली आर्म चिप १९८५ मध्ये हाती आली. लाखो ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेचे सूक्ष्म स्विच, एका चिपवर कसे मांडायचे, याची शिकवता येईल अशी रीत लिन कॉनवे यांनी कार्व्हर मीड यांच्यासोबत बसवली. त्यांचं पाठ्यपुस्तक १९८० चं. नेटवर्कमध्ये माहितीचे संदेश गोल गोल फिरत राहू नयेत म्हणून वापरला जाणारा स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल रेडिया पर्लमन यांचा. प्रोसेसर हा बायकांचा प्रांत नाही, असं टाइप करताना त्या प्रत्येक अक्षरामागे यांचं काम चालू असतं.

‘तो अनुभव असतो, तांत्रिक मत नव्हे’

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण भल्या माणसांनाही तो पटतो. अनुभव वेगळा आणि तांत्रिक मत वेगळं, अशी भिंत ते मनात उभी करतात. प्रत्यक्षात ज्या मतांमुळे कंपन्यांना आपली उत्पादनं बदलावी लागली, त्यांतली अनेक मतं या ‘अनुभवा’तूनच आली आहेत.

फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’मध्ये जोआना स्टर्न आणि निकोल न्गुएन या दोन पत्रकारांनी एक बातमी दिली. अमेरिकेतल्या बारमध्ये चोर आधी लोकांना आयफोनचा पासकोड टाकताना पाहायचे, मग फोन लांबवायचे. तेवढ्या आकड्यांवर चोराला ॲपल अकाउंटचा पासवर्ड बदलता यायचा, हरवलेला फोन शोधून देणारं ‘फाइंड माय’ बंद करता यायचं, मूळ मालकालाच बाहेर काढता यायचं. वर्षानुवर्षांचे फोटो जायचे आणि बँकेतले पैसेही. या बातमीचं मोल कशात आहे, ते पाहा. चोरी तर पोलिसांनाही माहीत होती. या दोघींनी शोधलं ते रचनेतलं छिद्र: एवढी मोठी सुरक्षा व्यवस्था त्या चार-सहा आकड्यांच्या कोडवर टेकलेली होती. त्यांनी विषय सोडला नाही. स्टर्न यांनी तुरुंगात जाऊन अशा एका चोराची मुलाखतही घेतली. जानेवारी २०२४ मध्ये ॲपलनं आयफोनच्या आयओएस १७.३ या प्रणालीत ‘स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन’ दिलं. ते चालू केलं की, घर-ऑफिससारख्या ओळखीच्या जागेबाहेर महत्त्वाचे बदल करायला चेहरा किंवा बोटाचा ठसा लागतो, आणि काही बदलांसाठी तासभर थांबावंही लागतं. मुंबईच्या लोकलमध्ये दाराशी उभं राहून आयफोनचा कोड टाकणाऱ्या प्रत्येकानं ही सेटिंग आजच चालू करावी. ती ज्यांच्यामुळे आली, त्या दोघी बायका आहेत.

दुसरं उदाहरण एअरटॅगचं. किल्ल्या-पिशव्या शोधायला ॲपलनं एप्रिल २०२१ मध्ये हे छोटं यंत्र आणलं. कुणी ते एखाद्या बाईच्या पर्समध्ये किंवा गाडीत लपवून तिच्या मागावर राहू शकेल, हे बायकांच्या लगेच ध्यानात आलं. छळणारा नवरा, सोडलेला प्रियकर, अनोळखी माणूस, कुणीही. सुरुवातीला मालकापासून दूर असलेला एअरटॅग तीन दिवसांनी आवाज करायचा, आणि सूचना मिळायची ती फक्त आयफोनवर. बाईकडे अँड्रॉइड फोन असेल तर तिच्या फोनला काहीच कळायचं नाही. डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या ‘ईएफएफ’ संस्थेच्या सायबर सुरक्षा संचालक ईव्हा गॅल्पेरिन हे धोके तेव्हापासून जाहीरपणे मांडत होत्या. जूनमध्ये तीन दिवसांचा काळ ८ ते २४ तासांवर आला. डिसेंबरमध्ये अँड्रॉइडसाठी ॲप आलं, पण ते स्वतः उघडून शोध घ्यावा लागायचा. मे २०२४ मध्ये ॲपल आणि गूगलनं मिळून दोन्ही प्रकारच्या फोनवर आपोआप इशारा देण्याची सोय केली. तीन वर्षं लागली. बनवणाऱ्यांच्या टेबलावर हा प्रश्न पहिल्या दिवशी पुरेशा जोरानं विचारला गेला असता, तर मधल्या काळात किती जणींचा जाच वाचला असता!

तिसरं लहान आहे, पण मला सतत आठवतं. २०१४ मध्ये ॲपलचं हेल्थ ॲप आलं, त्यात तुम्ही किती सोडियम खाल्लं याचीही नोंद करता येत होती. पाळीची नोंद करायला मात्र जागा नव्हती. बायकांनी यावर भरपूर लिहिलं, आणि २०१५ मध्ये आयओएस ९ मध्ये ती जागा आली.

आणि आपल्याकडचं उदाहरण. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. तिच्या संस्थापक चेतना सिन्हा यांनी २०१८ च्या टेड भाषणात सांगितलेली ही गोष्ट आहे. बँकेनं डिजिटल व्यवहारासाठी पिन द्यायचं ठरवलं, तेव्हा खातेदार बायकांनी ते नाकारलं. पिन कुणीही चोरून आमच्या घामाचे पैसे काढील, अंगठा कसा चोरील, असा त्यांचा सवाल होता. बँकेनं अंगठ्याच्या ठशाची व्यवस्था केली. या मताशी वाद घालता येतो. सिलिकॉनवर ठसे उठवून आधारवर चालणाऱ्या पेमेंट यंत्रणेतून पैसे काढल्याचे गुन्हे पुढे देशात नोंदले गेले, आणि पिन बदलता येतो तसा अंगठा बदलता येत नाही. पण म्हसवडच्या बायकांनी मांडलेला प्रश्न, म्हणजे कुणालाही चोरता येणारा पिन सुरक्षित कसा, याचं समाधानकारक उत्तर आजही बँकांकडे नाही. ओळख कशानं पटवायची हा सुरक्षाशास्त्रातला मूळ प्रश्न आहे, आणि त्या बायका थेट त्यावरच बोलत होत्या.

‘कंपन्यांच्या बातम्यांमधलं काही कळत नाही’

जानेवारी २०१८ मध्ये ‘द ट्रिब्यून’च्या रचना खैरा यांनी ५०० रुपये भरून, दहा मिनिटांत, कोणत्याही आधार क्रमांकामागची नाव-पत्ता-फोन ही माहिती उघडून दाखवणारा प्रवेश मिळवला. आधार प्राधिकरणानं माहिती फुटल्याचं नाकारलं, आणि जो गुन्हा नोंदवला त्यात वार्ताहराचंही नाव घातलं. त्याच महिन्यात प्राधिकरणानं आधार क्रमांकाऐवजी वापरता येईल असा १६ अंकी व्हर्च्युअल आयडी जाहीर केला. फोनचं सिम घेताना आधार देणाऱ्या प्रत्येक घराशी ही बातमी जोडलेली होती.

फेब्रुवारी २०१७ मध्ये सुझन फाउलर या अभियंतीनं उबरमधल्या आपल्या एका वर्षाविषयी लिहिलं: वरिष्ठाकडून झालेला लैंगिक त्रास, मनुष्यबळ विभागानं केलेली टाळाटाळ, संघांमधलं राजकारण. चौकशी लागली, वीसहून जास्त जणांच्या नोकऱ्या गेल्या, आणि जूनमध्ये कंपनीचे प्रमुख ट्रॅव्हिस कॅलनिक यांना पद सोडावं लागलं. मोठं सॉफ्टवेअर छोट्या स्वतंत्र भागांत बांधायच्या पद्धतीवरचं, म्हणजे मायक्रोसर्व्हिसेसवरचं, फाउलर यांचं तांत्रिक पुस्तक त्याआधीच, २०१६ मध्ये आलं होतं. ‘क्लिअरव्ह्यू’ नावाची कंपनी इंटरनेटवरून तीन अब्जांहून जास्त फोटो ओरबाडून पोलिसांना चेहरे शोधून देते, हे जानेवारी २०२० मध्ये जगापुढे आणलं तेही एका बाईनंच, ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या कश्मीर हिल यांनी. आपला फोटो त्या साठ्यात आहे का, हा प्रश्न त्यानंतर जगभर विचारला जाऊ लागला.

‘आवड असती तर जास्त दिसल्या असत्या’

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ दरम्यान, १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५४ टक्क्यांकडेच स्वतः वापरायचा मोबाइल होता. महाराष्ट्राचा आकडा जवळपास तेवढाच, गोव्याचा मात्र ९१ टक्के. कधीतरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के, पुरुष ५७ टक्के. गोव्यातल्या बायकांची आवड जन्मतः वेगळी असते असं कुणी म्हणणार नाही. फरक शिक्षणाचा, उत्पन्नाचा आणि घरात फोन कुणाच्या हाती राहतो याचा आहे. आणि ज्या बोलतात त्यांना प्रोसेसरवरच्या व्हिडिओखाली लग्नाबद्दल आणि कपड्यांबद्दल ऐकावं लागतं. काही जणी तेवढ्यावरून थांबतात, मग त्यांची कमी संख्या त्यांच्याच विरोधात पुरावा म्हणून पुढे केली जाते.

कित्येक घरांत बाईच्या हाती येतो तो नवऱ्याचा किंवा मुलाचा जुना फोन. त्यामुळे नव्या फोनच्या आठवडाभराच्या परीक्षणात जे कधीच येत नाही, ते तिला ठाऊक असतं: अपडेट थांबल्यावर बँकेचं ॲप कधी उघडेनासं होतं, कुटुंबाच्या ग्रुपवरचे व्हिडिओ स्टोरेज किती दिवसांत भरतात, बॅटरी दुपारपर्यंत तरी टिकते का, चार्जिंगच्या खाचेतली पिन कधी सैल होते. फोन पाच वर्षं टिकेल का, असं विचारणाऱ्या कुणालाही हीच माहिती हवी असते. ज्यांच्याकडे ती आहे त्यांनी ती लिहावी, व्हिडिओ करून सांगावी. मी ती वाचणार आहे, आणि खालच्या त्या मजकुराला हेच उत्तर पुन्हा देणार आहे.