मधल्या बाईवर ढकललं की झालं

सांगलीच्या भावे नाट्यमंदिरातून आत्ताच घरी आलेय आणि डोकं नुसतं भणभणतंय. 'रोमिओ-ज्युलिएट'चा हौशी प्रयोग होता. पोरांनी जीव तोडून काम केलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण बाहेर पडताना एक ओळखीचे गृहस्थ केवढ्या खात्रीनं म्हणाले, "ती दाई मध्ये कडमडली नसती तर दोन्ही पोरं वाचली असती." आणि आजूबाजूच्यांनी माना डोलावल्या!

अहो, दाई? ज्युलिएटला लहानपणापासून सांभाळणारी, तिचे निरोप रोमिओला पोचवणारी नोकर बाई! पिढीजात वैर जपणारे दोन बाप राहिले बाजूला, आणि सापडली कोण, तर दाई!

मला आमच्या गावभागातल्या बोळातली मावशी आठवली. धुणंभांडी करायची. शेजारच्या ताईची चिठ्ठी पानाच्या चंचीत घालून पुलापलीकडं सांगलवाडीला पोचवायची. मी शाळेत होते, पण बोळातल्या पोरींना सगळं ठाऊक असतंच. घरी कळलं, ताईला कोंडून घातलं, घाईघाईनं सुपारी फुटली आणि लग्नाआधीच ताई गेली. कशी, ते इथं लिहीत नाही. दहावा व्हायच्या आत बोळानं निकाल लावून टाकला, मावशीनं पोरगी घालवली! तिची सगळी कामं सुटली. ज्यांनी कोंडलं त्यांना कुणी चकार शब्द विचारला नाही.

शेक्सपिअरनं ज्या काव्यावरून हे नाटक बेतलं, ते आर्थर ब्रुकनं १५६२ मध्ये लिहिलेलं. त्याच्या शेवटी दाई हद्दपार होते. रोमिओला विष विकणारा गरीब औषधवाला फासावर जातो. आणि चोरून लग्न लावणारा साधू? तो सुटतो. आईबापांना तर शिक्षेचं नावच नाही. हा ब्रुक आमच्याच बोळात राहून गेला की काय!

शेक्सपिअर त्या मानानं बरा. त्याचा राजा 'काहींना माफी, काहींना शिक्षा' एवढं म्हणून थांबतो. बाप मात्र एकमेकांच्या मेलेल्या पोरांचे सोन्याचे पुतळे करायला निघतात. ताईच्या वडिलांनीही वर्षश्राद्धाला देवळात फरशी घातली, 'स्मरणार्थ' कोरून. लोक म्हणाले, केवढी माया! मावशी त्याच लोकांच्या तोंडी शेवटपर्यंत 'तीच ती' राहिली.

हो, कबूल आहे, दाई ऐन वेळी फिरते. रोमिओला विसर, बापानं ठरवलेल्या पॅरिस नावाच्या मुलाशी लग्न कर, म्हणते. वाईटच. आणि ज्युलिएट मेली नाही, नुसती झोपलीय, हे रोमिओला कळवणाऱ्या पत्राचं म्हणाल, तर ते नेणारा दुसरा साधू प्लेगच्या संशयानं एका घरात अडकला. औषध देऊन तिला ४२ तास मेल्यासारखं झोपवायचा बेतही लग्न लावणाऱ्या लॉरेन्स साधूचा. त्यात दाई कुठं आली?

आणि ती फिरते त्याच्या जरा आधी काय होतं? चौदावं वर्षही न संपलेल्या लेकीला बाप 'भीक माग, रस्त्यावर मर' म्हणतो. तेव्हा दाई मालकाला तोंडावर सांगते, चूक तुमची आहे. नोकर माणूस! तो तिला झिडकारून गप्प बसवतो. तिची स्वतःची लेक सुझन ज्युलिएटच्याच वयाची, देवाघरी गेलेली. ज्युलिएटला तिनं अंगावर पाजलेलं. ही पोर तरी जिवंत राहू दे, मग कुणाच्याही घरी नांदू दे, असं वाटलं असेल बिचारीला. आमची मावशीही ताईला शेवटी हेच सांगून आली होती, "जा बाई गुमान, जीव तर राहील." तेही तिच्या खात्यावर 'दगा' म्हणूनच मांडलं गेलं.

आजच्या प्रयोगात दाईचं ते 'चूक तुमची आहे' वाक्यच कापलं होतं. दाई ठेवली कशाला, तर पंखा हलवत विनोद करायला. मग प्रेक्षक तरी दुसरं काय म्हणणार? म्हणजे त्या गृहस्थांचा सगळाच दोष नाही, नाइलाजानं लिहितेय.

पुढचा प्रयोग मिरजेला आहे म्हणे. दिग्दर्शक पोरा, तू माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेस, वाचशीलच. ते वाक्य परत घाल. वेळ पुरत नसेल तर बाल्कनीतला चंद्र जरा कमी कर.