गोंदण कुठं गेलं?

आज सकाळी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आमच्या आजीचा फोटो पडला. पुतण्यानं तालुक्याच्या स्टुडिओतून 'क्लिअर' करून आणलेला. "काका, पाहा नं, आजी कशी चमकून राह्यली!"

चमकतेच आहे. गोरीपान, गाल गुळगुळीत. हनुवटीवरचं गोंदण गायब, कपाळ कोरं. आजोबा धडधाकट असतानाचा फोटो आहे हो तो! जुन्या बऱ्याच फिल्मला लाल रंग दिसतच नसे, कुंकू काळं उमटायचं. मशिनीला तो डाग वाटला असेल. आणि ग्रुपवर सारे अंगठे दाखवून मोकळे. एकालाही विचारावंसं वाटलं नाही, कुंकू कुठं गेलं?

मूळ फोटोत जत्रेतल्या फोटोवाल्याचा पडदा आहे, त्यावर रंगवलेला बंगला, आणि खुर्चीच्या पार टोकाला टेकलेली आजी. कापूस वेचून फाटलेली बोटं लुगड्यात लपवता लपवता एक अंगठा बाहेर राहून गेला. मी त्या अंगठ्यासाठी तो फोटो पाहतो. नव्यात अंगठाच नाही.

सेवाग्राम काही दूर नाही आपल्याला. तिथल्या आश्रमातल्या, नात्यातल्याच कनू गांधींना बापूंनी फोटो काढू दिले ते अटी घालून: फ्लॅश नको, पोज मागायची नाही, आश्रमाचा पैसा मिळणार नाही. म्हणून तर ते फोटो पाहताना नजर हटत नाही.

फाटका फोटो जोडायला, बुरशी काढायला ही फोटो 'क्लिअर' करणारी अ‍ॅपं कामाची आहेत. बरं, मान्य.

आमच्या गावचं एक पोट्टं पहिल्या पावसानंतर वावरात पालथं पडून मृगाच्या किड्याचे फोटो काढते. साधा मोबाइल, वर चिकटवलेलं भिंग. किडा म्हणतो आपण, पण पाय आठ; कोळ्याचा भाऊबंद तो. लाल मखमलीवर चिखलाचे कण, एक पाय ढेकळात रुतलेला. काय फोटो आहे राजेहो! त्यानं तो चिखल पुसला असता तर मी दुसऱ्यांदा पाहिलाही नसता. आजीचं गोंदण मात्र आम्ही पैसे देऊन पुसून आणलं.

पुतण्यावर राग नाही म्हणा. त्यानं आजीला पाहिलंच नाही, मायेनंच केलं पोरानं. पण गोरी म्हणजे सुंदर, हे त्याच्या डोक्यात घातलं कोणी? आपणच नं? सुना पाहायला जाऊन काय विचारतो आपण?

असो. स्टुडिओत मूळ प्रत देऊ नका. खिडकीपाशी, उन्हाची तिरीप टाळून मोबाइलवर फोटो घ्या नि तोच द्या. फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका, काचेसकटच घ्या. आणि स्टुडिओवाल्याला आधी सांगा, चेहऱ्याला हात लावायचा नाही.