कोल्हापुरात समुद्र आणू इच्छिणाऱ्यांस

कोल्हापूरच्या आसपास सर्फिंगसाठी कृत्रिम लाटांचा तलाव उभारण्याचे आपण मनावर घेतले आहे, याबद्दल प्रथम आपले अभिनंदन. आंबा घाट उतरून थोडे पुढे गेले की रत्नागिरीचा समुद्र लागतो, मग हा खटाटोप कशासाठी, असे काही खवचट मंडळी विचारतील. त्या समुद्राला तिकीट लावता येत नाही, एवढे उत्तर त्यांना पुरे आहे.

गुंतवणूकदारांपुढे दाखला द्यावा तो केली स्लेटर यांचा. अकरा वेळा जगज्जेता ठरलेल्या या सर्फरने कॅलिफोर्नियातील लेमूर येथे, किनाऱ्यापासून सुमारे 160 किलोमीटर आत, शेतांच्या मधोमध आपली लाट तयार करून 2015 मध्ये जगाला दाखवली. पाण्याखालचे एक अजस्र पाते रुळांवरून ओढले जाते आणि त्याच्यामागे लाट उठते. एक लाट संपल्यावर पाणी निवळेपर्यंत काही मिनिटे थांबावे लागते, हा तपशील मात्र सादरीकरणातून गाळावा. तांबड्या रश्श्याच्या दुसऱ्या वाटीसाठीही आमचा माणूस इतका धीर धरत नाही. कोणी फारच चौकशी केली, तर स्पेनच्या वेव्हगार्डन कंपनीचे नाव घ्यावे. तिच्या यंत्रातील पाती काही सेकंदांच्या अंतराने लाटा ढकलतात. त्या पात्यांना लागणारी वीज ‘इतर किरकोळ खर्च’ या सदरात दाखवावी.

यंत्र लाट उठवते, पण ती फुटते तळाच्या उतारामुळे. खोल पाण्यातून उथळाकडे येताना लाटेचा पाय अडखळतो, माथा पुढे झेपावतो, आणि त्यावरच सगळा खेळ उभा असतो. तळाचे माप चुकले, तर लाट नुसतीच फुगून विरते. म्हणून तळाचे काम, रस्त्यावरचे पाणी गटारापर्यंत जाईल एवढा उतारही ज्याला आजवर साधलेला नाही, अशाच एखाद्या अनुभवी ठेकेदाराला द्यावे. पुढे यंत्राचा परदेशी भाग तुटला, तर तुकडा शिरोलीच्या फौंड्रीत नेऊन ‘असाच एक ओतून द्या’ म्हणावे. भाग मिळेल, यात मला खरोखरच शंका नाही. तो बसेल की नाही, हा पुढचा प्रश्न.

पाण्याची चिंता करू नये. एक हेक्टर पाण्यावरून एक मिलिमीटर थर उडून गेला, तर 10,000 लिटर पाणी जाते, म्हणजे एक मोठा टँकर. आणि कोल्हापूरचा एप्रिल दिवसाला एका मिलिमीटरवर समाधान मानणारा नाही. काळम्मावाडी धरणाचे पाणी थेट पाईपलाईनने शहरात यायला 2023 साल उजाडले, त्यामुळे घागर घेऊन उभ्या असलेल्या नागरिकांना सर्फिंगचे महत्त्व पटवून देण्याची पूर्वतयारी करावी. ऊस किती पाणी पितो, हे ऐकवले की या जिल्ह्यात पाण्याचा कोणताही वाद निदान एक बैठक तरी पुढे ढकलला जातो.

पाणी स्वच्छ ठेवणे हा श्रीमंतांचा छंद आहे. टेक्सासमधील वेको येथील लाटांच्या तलावावर जाऊन आलेला एक तरुण 2018 मध्ये मेंदूत शिरणाऱ्या अमिबाच्या संसर्गाने दगावला. त्यानंतर तेथील तलाव बंद ठेवून नवी गाळण यंत्रणा बसवावी लागली. उबदार, गोड्या आणि पुरेसे क्लोरीन नसलेल्या पाण्यात हा जीव वाढतो आणि नाकावाटे आत शिरतो. आपण क्लोरीन मोजणाऱ्या माणसाचा पगार वाचवून त्या पैशांत प्रवेशद्वारावर फेटा बांधलेल्या सर्फरचा पुतळा बसवावा. रंकाळ्यातली जलपर्णी पाहत वाढलेल्या लोकांना तलावाचा हिरवा रंग खटकणारही नाही.

अपयशाच्या कथा मनाला लावून घेऊ नयेत. ऑस्टिनजवळचा एनलँड तलाव 2016 मध्ये उघडला, तळाचे अस्तर फाटून काही आठवड्यांत थांबला, पुन्हा सुरू झाला आणि 2018 मध्ये बंद पडला. वेल्समधील डॉल्गारॉगला तर जलविद्युत केंद्रातून बाहेर पडणारे डोंगरातले पाणी आयते मिळत होते. तोही 2015 मध्ये सुरू झालेला तलाव यंत्राच्या बिघाडांना कंटाळून 2023 मध्ये कायमचा बंद झाला. आपल्याकडे डोंगरातले पाणी आयते नाही, त्यामुळे बंद पडण्याचे निदान ते एक कारण तरी कमी आहे.

जागा पंचगंगेच्या निळ्या पूररेषेच्या आत घ्यावी. तेथे ती स्वस्त मिळते. राजाराम बंधाऱ्यावरची पातळी 43 फुटांची धोक्याची खूण ओलांडून गेली, की 2019 आणि 2021 प्रमाणे तलाव विनामूल्य भरेल, आणि लाटाही बिनविजेच्या येतील. फक्त तिकीटघर तेवढे उंचावर बांधावे. आणि तलाव बंद पडेपर्यंत न थांबता, उद्घाटनाच्या दिवशीच शेततळ्याच्या अनुदानाचा अर्ज भरून कटला-रोहू माशांच्या बोटुकलीची मागणी नोंदवून ठेवावी, कारण नंतर रांग मोठी असते.