'अध्यादेश घटनेतच आहे की' या प्रतिक्रियेला उत्तर

सर, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. काल रात्रीच उत्तर टाइप करायला घेतलं होतं पण फारच चिडून लिहिलं जात होतं म्हणून ठेवून दिलं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की अध्यादेश (सभागृहाची मंजुरी न घेता सरकारने काढलेला तात्पुरता कायदा) काढायचा अधिकार घटनेनेच दिलाय मग 'लोकशाहीचा गळा घोटला' हे रडगाणं कशाला, सरकारला कामं करायची असतात, आणि मला हे सगळं बरोबर एकाच पक्षाच्या राज्यात दिसतं.

पक्षाचं आधी संपवतो. माझी पोस्ट बिहारमधल्या तेच ते अध्यादेश पुन्हा पुन्हा काढायच्या सवयीवर होती, काळ १९६७ ते १९८१. तेवढ्यात तिथे संयुक्त विधायक दल (काँग्रेसविरोधी पक्षांची आघाडी) येऊन गेलं, काँग्रेस येऊन गेली, जनता पक्ष येऊन गेला, मधेमधे राष्ट्रपती राजवट. सवय कुणीच मोडली नाही. आता कुणावर राग धरू सांगा.

राहिलं घटनेचं कलम २१३, राज्यांच्या अध्यादेशांचं. आहे ना, पण शेवटपर्यंत वाचा की. सभागृह चालू नसेल आणि निकड असेल तर राज्यपाल अध्यादेश काढतात, अधिवेशन भरलं की तो सभागृहापुढे ठेवायचा, सहा आठवड्यांत मंजूर झाला नाही तर तो मेला. सगळं धरून फार तर साडेसात महिने. बिहारमध्ये या काळात २५६ अध्यादेश निघाले आणि पुन्हा पुन्हा काढून एक वर्षापासून चौदा वर्षांपर्यंत जगवले गेले, म्हणजे आमदार यायचे, सह्या करून भत्ते घ्यायचे, घरी जायचे, आणि अधिवेशन उठलं की तेच कागद नवी तारीख टाकून परत. विटांच्या पुरवठ्याचा, जंगलातल्या मालाचा, इंटरमिजिएट शिक्षण परिषदेचा. ज्या अध्यादेशांना कोर्टात आव्हान दिलं त्यांच्या नावातच 'तिसरा अध्यादेश, १९८३' असं आहे, सिनेमाचे पार्ट निघतात तसं. विटांची कसली आलीये निकड, तीही वर्षानुवर्षं?

आणि मला सगळ्यात झोंबलं ते एक परिपत्रक. १९८१ मध्ये तिथल्या संसदीय कामकाज खात्याने सगळ्या खात्यांना कळवलं की अधिवेशन संपतंय, आपापले अध्यादेश पुन्हा काढून घ्या, आणि मजकूर तोच असेल तर मंत्रिमंडळाची मंजुरी परत घ्यायची गरज नाही. वीजबिलाची शेवटची तारीख कळवावी तसं! कुठे आरडाओरडा नाही, कुणी खलनायक नाही, फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर.

हे उजेडात आणलं पुण्याच्या माणसाने. डॉ. डी. सी. वाधवा, बीएमसीसी रोडवरच्या गोखले इन्स्टिट्यूटमधले प्राध्यापक, अर्थशास्त्राचे, वकील वगैरे नाहीत. सगळा हिशोब मांडून पुस्तक लिहिलं आणि १९८४ मध्ये थेट सुप्रीम कोर्ट गाठलं. तिथे सरकारचा पहिला आक्षेप काय, तर या लोकांना याचिका करायचा हक्कच नाही :) कोर्टाने तो उडवून लावला आणि २० डिसेंबर १९८६ ला पाच न्यायाधीशांनी याला घटनेशी केलेली फसवणूक म्हटलं. वाधवांना खर्चापोटी दहा हजार रुपये मिळाले.

तुम्ही म्हणता कोर्ट आहे ना बघायला. १९८९ मध्ये, म्हणजे निकालाला तीन वर्षं झाल्यावर, त्याच बिहारने ४२९ खाजगी संस्कृत शाळा अध्यादेशाने ताब्यात घेतल्या, तोच खेळ १९९२ पर्यंत ओढला, विधानसभेपुढे एकदाही कागद ठेवला नाही आणि मग दिला सोडून. मास्तर लोकांना वाटलं आपण सरकारी नोकर झालो. पगारासाठी कोर्टकचेऱ्या केल्या, आणि २०१७ ला सात न्यायाधीशांच्या पीठाने सांगितलं की हे अध्यादेशच फसवणूक होते, त्यातून तुम्हाला हक्क मिळत नाहीत. आधी दिलेला पगार वसूल करू नका, एवढंच पदरात पडलं. तोवर त्यातले किती जण रिटायर होऊन गेले असतील. ज्यांनी अध्यादेश काढले त्यांच्या खिशातून एक रुपया गेला नाही. 'कामं होतात' म्हणता ती ही अशी.

एका मुद्द्यावर मात्र माघार घेतो. 'गळा घोटला' हा शब्द चुकलाच, गळा घोटला तर निदान आवाज तरी होतो, इथे विधानसभा चौदा वर्षं भरत होती आणि तिला कुणी विचारत नव्हतं. पोस्टमध्ये आत्ताच बदल केलाय, बघून घ्या. बाकी मजकूर तसाच ठेवतोय.